मूर्च्छा : तिचे निदान आणि पाहणाऱ्यांची साक्ष

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त हुपरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक वाचून काहींना हा विषय स्वाध्यायाचा वाटला असेल, आणि त्यात वावगे काही नाही. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना ‘मूर्च्छा’ हाच शब्द योजिला आहे. त्यावर सर्वार्थसिद्धी ही टीका लिहिताना आचार्य पूज्यपादांनी एक मार्मिक शंका उपस्थित केली. लोकव्यवहारात वातादिकांच्या प्रकोपाने येणाऱ्या विकाराला मूर्च्छा म्हणतात, मग येथे तो अर्थ का घ्यायचा नाही? शंकेचे निरसन त्यांनी अर्थातच केले आणि सूत्रातील मूर्च्छा ही ममत्वाची, असे स्पष्ट केले. पण त्यांच्या शंकेवरून इतके निश्चित होते की, दीड हजार वर्षांपूर्वीही माणसे भोवळ येऊन पडत होती आणि त्या प्रकाराला हेच नाव होते. ममत्वाच्या मूर्च्छेवर बोलण्याचा अधिकार त्यागीवर्गाचा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या, देहाच्या मूर्च्छेचा.

७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांचे भाषण झाले आणि राष्ट्रगीतासाठी सर्व जण उभे असताना व्यासपीठावरच त्यांना भोवळ आली. शेजारी उभे असलेले तत्कालीन राज्यपाल श्री. विद्यासागर राव आणि सुरक्षारक्षक यांनी त्यांना सावरले. थोड्याच वेळात ते पूर्ववत झाले आणि रक्तातील साखर कमी झाल्याने असे घडले, असे त्यांनी स्वतः कळविले. पुढे २४ एप्रिल २०२४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे भर उन्हाळ्यातील प्रचारसभेत भाषण करताना त्यांना पुन्हा भोवळ आली, आणि काही वेळाने व्यासपीठावर परतून त्यांनी भाषण पूर्ण केले. त्या वेळी उष्म्यामुळे अस्वस्थ वाटल्याचे त्यांनी सांगितले. एका सार्वजनिक व्यक्तीच्या प्रकृतीची चिकित्सा करण्याचा येथे हेतू नाही. हे दोन प्रसंग महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले, म्हणून ते उदाहरणादाखल घेतले. ताठ उभे राहणे, अंगावर जाड वस्त्रे, मंडपातील कोंदट हवा, उन्हाळा, लांबलेले जेवण, हे सारे लग्नमंडपात, पंचकल्याणक पूजेत आणि शाळेच्या प्रांगणातही एकत्र येते. म्हणूनच ‘असे कसे झाले?’ हा प्रश्न कोणत्याही घरात उद्भवू शकतो.

मूर्च्छेत नेमके होते काय, हे समजण्यासाठी मेंदूचा व्यवहार पाहावा लागतो. मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जो प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. दर मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर रक्त त्याच्याकडे जावे लागते. यकृताजवळ साखरेचे गोदाम आहे, स्नायूंजवळ थोडाबहुत साठा आहे. मेंदूचे तसे नाही. त्याचा सारा व्यवहार रोखीचा, तेथे उधारी चालत नाही. रक्ताचा पुरवठा पूर्णपणे थांबला तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध हरपते. मूर्च्छेची व्याख्या करावयाची तर ती इतकीच आहे : संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण घटल्याने शुद्ध जाणे, अंगातील ताण जाऊन खाली कोसळणे, आणि थोड्याच वेळात आपोआप, पूर्णपणे शुद्धीवर येणे.

या व्याख्येतील ‘आपोआप’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत. दोषांचा वेग ओसरला की पहिल्या दोन स्वतःहून शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा त्यांतील भेद तेथे सांगितला आहे. आजची रुग्णालयेही पहिला प्रश्न हाच विचारतात : रुग्ण स्वतःहून शुद्धीवर आला का, आणि किती वेळात?

माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोट आणि पाय यांच्याकडे उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाब मोजणारी सूक्ष्म केंद्रे असतात. दाब घसरताच ती मेंदूला वर्दी देतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि तोल सांभाळला जातो. पायाच्या पोटऱ्यांचे स्नायूही आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. म्हणूनच चालणाऱ्याला सहसा भोवळ येत नाही, निश्चल उभ्या राहणाऱ्याला येते. कधी कधी ही सांभाळणारी यंत्रणाच उलटी चालते. रक्त पाहणे, सुई टोचणे, तीव्र वेदना, दुःखद वार्ता, कोंदट गर्दी यांमुळे नाडी एकाएकी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि माणूस पांढरा फटक पडून घामेजून कोसळतो. या प्रकाराला व्हॅसोव्हेगल मूर्च्छा म्हणतात. लंडनचे सर टॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. सर्व प्रकारांत हाच सर्वाधिक आढळणारा आणि जिवाला सर्वांत कमी धोक्याचा. रक्तदान शिबिरात रक्त दिल्यावर दात्याला काही वेळ पडून राहावयास सांगतात आणि मग सरबत-बिस्किटे देतात, ती केवळ पाहुणचाराची रीत नव्हे. तरणेताठे दाते ‘काही होत नाही’ म्हणत उठतात आणि दारात कोसळतात, हे शिबिरांच्या कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक असते.

याच जातीचे काही प्रकार वयस्कर मंडळींत दिसतात. रात्री झोपेतून उठून लघवीस गेलेला वृद्ध तेथेच पडतो. खोकल्याची जोराची उबळ आली की एखाद्याची शुद्ध जाते. घट्ट गळपट्टीचा सदरा घालून मान वळविताना किंवा दाढी करताना मानेतील त्या केंद्रावर दाब येऊन भोवळ येते. रात्री उठल्यावर पलंगाच्या काठावर क्षणभर बसून मग उभे राहावे आणि वृद्ध पुरुषांनी लघवी बसून करावी, हा सल्ला साधा वाटला तरी त्याने कितीतरी खुब्याची हाडे वाचली आहेत. हुपरीसारख्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. चांदीच्या कामात भट्टीच्या धगीजवळ बसणे आले, आणि पैंजणाच्या कामाला मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास बसणे आले. घामावाटे पाणी गेलेले असते, पाय अवघडलेले असतात, आणि हाक आली की कारागीर एकदम उठतो. त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येणे हा अशक्तपणा नसून पाण्याची तूट असते.

आता उपवासाविषयी. हा भाग या सभेपुढे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या दिवसांत मंदिरात येणाऱ्या भोवळीचे कारण बहुधा येथेच सापडते. निरोगी प्रौढ माणसाने एखाद-दुसरा उपवास केल्याने मेंदूला इजा होत नाही. यकृतातील साखर संपत आली की शरीर चरबीकडे वळते आणि तिच्यापासून तयार झालेली द्रव्ये मेंदूही इंधन म्हणून वापरू लागतो. उपवासात भोवळ येते ती बहुतेक वेळा साखर संपल्याने नव्हे, तर पाणी आणि क्षार कमी पडल्याने. उपवासाच्या पहिल्या दिवसांत शरीरातून मीठ आणि पाणी अधिक प्रमाणात बाहेर पडते. रक्ताचे आकारमान घटते. त्यातच पहाटे अभिषेकासाठी उभे राहणे, नंतर प्रवचनाला दोन तास बैठक, आणि शेवटी आरतीसाठी सर्वांबरोबर एकदम उठणे होते. तरुण शरीर हे निभावून नेते. सत्तरीतील शरीराची दाब सांभाळणारी केंद्रे मंद झालेली असतात.

परंतु औषधे घेणाऱ्यांचे गणित निराळे आहे. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी वाढवून दाब उतरविणारी गोळी चालू असेल आणि पाणी मात्र बंद असेल, तर दाब नको तितका घसरतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे हे तर सरळ संकट आहे. गोळी आपले काम करीतच राहते, साखर उतरत जाते, आणि मेंदूला रक्त मिळत असूनही त्या रक्तात इंधन नसते. ही अवस्था मूर्च्छेसारखी दिसली तरी मूर्च्छा नव्हे. आधी घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, मग गुंगी असा क्रम लागतो, आणि आडवे निजविल्याने ती सुटत नाही. साखर पोटात गेल्यावाचून, आणि शुद्ध गेली असल्यास शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावाचून, रुग्ण सावरत नाही. तासन्‌तास तसाच राहिला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ‘उपवास मोडेल’ म्हणून घरच्यांनी थांबणे शास्त्रालाही धरून नाही. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या आधी ‘शक्तितः’ हे पद आहे. ते तेथे उगाच आलेले नाही. पर्वाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन उपवासाची कल्पना द्यावी आणि कोणती गोळी कमी करावयाची, कोणती चालू ठेवावयाची हे लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने सर्व गोळ्या बंद करणे हे सर्व गोळ्या चालू ठेवण्याइतकेच धोक्याचे आहे.

येथवर सांगितलेली मूर्च्छा घाबरविते, पण ती स्वतः जीव घेत नाही. आता जिची भीती बाळगावयास हवी ती. आयर्लंडमधील डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन लिहून ठेवले, ज्यांची नाडी अतिशय मंद होती आणि ज्यांना वारंवार भोवळ येत असे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेली वीज खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचली नाही, तर ठोके काही सेकंद थांबतात आणि मेंदूची रोख संपते. पूर्वी याला उपाय नव्हता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला संपूर्ण आत बसविलेला पेसमेकर बसविण्यात आला. दिवसातून अनेकदा बेशुद्ध होणारा हा गृहस्थ त्यानंतर त्रेचाळीस वर्षे जगला. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले होते आणि पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, ही गोष्ट निराळी. आज कोल्हापुरात पेसमेकर बसविणे ही नित्याची बाब आहे. तरीही ‘वयोमानाने चक्कर येते’ असे म्हणत कित्येक वृद्ध वर्षानुवर्षे घरी पडत असतात, हे दुर्दैव होय.

हृदयाची मूर्च्छा ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. ती कसलीही पूर्वसूचना न देता येते, बोलता बोलता माणूस खाली जातो. ती श्रम करीत असताना येते, जिना चढताना, पळताना, खेळताना. ती बसलेल्या किंवा निजलेल्या माणसालाही येते. आधी छातीत धडधड किंवा वेदना होते. घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेलेले असते. यांतील एकही गोष्ट आढळली तर त्याच दिवशी हृदयतज्ज्ञांची गाठ घ्यावी. शाळेच्या मैदानावर पळताना बेशुद्ध पडलेला मुलगा पाच मिनिटांत हसू लागला तरी त्याचा ईसीजी झाल्यावाचून त्याला पुन्हा मैदानावर सोडू नये. हृदयाचे स्नायू जाड होणे, झडप अरुंद होणे, विजेच्या मार्गातील जन्मजात दोष, असे काही विकार प्रथम अशा एका मूर्च्छेनेच प्रकट होतात. दुसरी संधी मिळतेच असे नाही.

तिसरा गोंधळ अपस्माराचा. याला फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी नावे आहेत. साध्या मूर्च्छेतही अंगाला झटके येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मनीतील बर्लिन येथील मज्जातंतूतज्ज्ञांनी १९९४ मध्ये यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम क्षणभर मूर्च्छा आणून त्याचे चित्रीकरण करण्यात आले. पूर्ण मूर्च्छेच्या ४२ प्रसंगांपैकी ३८ मध्ये हातापायांना झटके दिसले. बहुतेकांचे डोळे उघडेच होते. म्हणजे ‘हातपाय झाडले, डोळे फिरविले’ एवढ्यावरून फीट ठरत नाही. फरक अन्यत्र पाहावा लागतो. मूर्च्छेत चेहरा पांढरा पडतो, झटके अल्प आणि विस्कळीत असतात, तेही पडल्यानंतर येतात, आणि शुद्ध येताच माणूस ‘मी कोठे आहे, काय झाले’ हे लगेच जाणतो. अपस्मारात चेहरा काळानिळा होतो, शरीर ताठ होऊन एक-दोन मिनिटे तालबद्ध झटके येतात, जीभ कडेला चावली जाते, आणि शुद्ध आल्यावरही कितीतरी वेळ भ्रम राहतो. कपड्यांत लघवी होणे दोहोंतही घडते, त्यावरून काही ठरवू नये.

हा फरक केवळ वैद्यकाचा नाही. प्रार्थनेच्या रांगेत भोवळ येऊन पडलेल्या मुलीवर ‘फीट येते’ असा शिक्का बसला की पुढील काही वर्षे नको त्या गोळ्या सुरू होतात, शाळेच्या सहली बंद होतात आणि स्थळ पाहताना ती गोष्ट लपविण्याची वेळ येते. लपविलेले पुढे उघड झाले की संसार मोडतात. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहाला बाध आणणारा मुद्दा होता. १९९९ मधील दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. कायद्याने जे पंचवीस वर्षांपूर्वी सोडले, ते समाजाच्या मनातून अजून गेलेले नाही. अपस्मार खरोखरच असला तरी तो लाजेचा विषय नाही. बहुसंख्य रुग्णांचे झटके नियमित औषधाने थांबतात आणि ते संसार, व्यवसाय सारे काही करतात. परंतु जो आजार नाहीच तो आयुष्यभर गळ्यात बांधणे, किंवा हृदयाचा विकार असताना फीटच्या गोळ्या देत राहणे, या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

त्या टाळावयाच्या कशा? येथे एक विलक्षण अडचण येते. डॉक्टरांपुढे रुग्ण येतो तेव्हा घटना होऊन गेलेली असते. रुग्णाला स्वतःला काहीच आठवत नाही. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. खरे निदान त्या वेळी उपस्थित असलेल्या माणसाच्या डोळ्यांत साठलेले असते, आणि तोच माणूस बहुधा दवाखान्यात येत नाही. रुग्णासोबत येतो तो दुसराच कोणी नातेवाईक, ज्याने काहीच पाहिलेले नसते. तो सांगतो, ‘चक्कर आली.’ हा ‘चक्कर’ शब्द तर मोठा फसवा आहे. घर गरगर फिरले तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, पायांत बळ नसले तरी चक्कर, तोल गेला तरी चक्कर. घर फिरते तो दोष बहुधा कानाच्या आतील भागाचा, अंधारी येते तो रक्तदाबाचा. एकाच शब्दाने दोन वेगळ्या तज्ज्ञांची दारे उघडतात. म्हणून तो शब्द न वापरता जे घडले ते क्रमाने सांगावे. उभा होता की बसला होता, काय करीत होता, शेवटचे खाणे-पिणे केव्हा, पडण्याआधी काही म्हणाला का, चेहऱ्याचा रंग कसा झाला, झटके पडण्याआधी की नंतर, किती वेळ, आणि शुद्ध येताच पहिले वाक्य काय बोलला. गावातील डॉक्टर असोत वा मिरज-कोल्हापूरचे विशेषज्ञ असोत, यातूनच अर्ध्याहून अधिक निदान करतात. हल्ली प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरण करणारा फोन असतो. रुग्णाला सुरक्षित निजविल्यावर घरच्या कोणी अर्धा मिनिट चित्रण केले तर ते निर्दयपणाचे कृत्य समजू नये. ते चित्रण मात्र डॉक्टरांनाच दाखवावे, गावातील गटावर टाकू नये.

तपासण्यांत पहिला मान ईसीजीचा. तो स्वस्त आहे, पाच मिनिटांत होतो आणि भोवळ आलेल्या प्रत्येकाचा झालाच पाहिजे. त्यानंतर रक्तदाब निजलेल्या स्थितीत मोजावा, आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा दाब वीसने किंवा खालचा दहाने घसरला तर कारण हाती लागले. ही तपासणी कोणत्याही लहान दवाखान्यात होऊ शकते, आणि खेदाची गोष्ट अशी की तीच सर्वाधिक वेळा राहून जाते. पुढे गरजेनुसार रक्तातील साखर व हिमोग्लोबिन, टू-डी इको, चोवीस तास ठोके नोंदविणारे होल्टर, आणि टिल्ट टेबल चाचणी. या शेवटच्या चाचणीत रुग्णाला पाटावर बांधून साठ-सत्तर अंशांत तिरके उभे करतात आणि नाडी-दाब पाहतात. लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये ती मूर्च्छेच्या निदानासाठी उपयोगी असल्याचे दाखविले. याउलट घरचे लोक आग्रह धरतात तो मेंदूच्या सीटी स्कॅनचा किंवा एमआरआयचा. साध्या मूर्च्छेत मेंदू निर्दोष असतो, दोष त्याच्याकडे येणाऱ्या पुरवठ्यात असतो, म्हणून या चित्रांत सहसा काहीच सापडत नाही. अर्धांगाचा झटकाही बहुधा शुद्ध न हरपता एका बाजूचे बळ नेतो. डोक्याला मार लागला असेल, बोलणे जड झाले असेल, हात-पाय लुळा वाटत असेल किंवा भ्रम कायम असेल, तर मात्र स्कॅनला विलंब लावू नये.

उपचार म्हणजे बहुतांशी नीट निजविणे. रुग्णाला सपाट जमिनीवर निजवावे, पाय उंच करावेत, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. पडणे हाच निसर्गाने योजिलेला उपचार आहे. आडवे होताच रक्त मेंदूकडे परत जाते. लोक मात्र कळवळ्याने दोन्ही बाजूंनी धरून त्याला खुर्चीवर ताठ बसवितात, रिक्षात बसते करून नेतात, आणि मेंदूचा पुरवठा परत सुरू होऊ देत नाहीत. अशा वेळी शुद्ध येण्यास विलंब होतो आणि झटके वाढतात. तोंडात पाणी ओतू नये, दातांत चमचा घालू नये. झटके येत असतील तर कुशीवर वळवावे. कांदा फोडून हुंगविण्याची रीत फार जुनी आहे. ज्या घरात कांदा येत नाही, त्या घरासाठीही अशा वेळी तो शेजारून आणला जातो. तो येईपर्यंत निजलेला माणूस आपोआप शुद्धीवर येतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पायताण हुंगविण्याविषयी न बोललेलेच बरे. एका मिनिटात शुद्ध आली नाही आणि श्वास नियमित नसेल, तर मात्र ते हृदय बंद पडण्याचे लक्षण समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तत्काळ छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे.

ज्यांना भोवळीची चाहूल लागते त्यांनी लाज सोडून तेथेच बसावे. पूजेत, सभेत, मिरवणुकीत कोणी काही म्हणणार नाही. चारचौघांत नको म्हणून उठून एकटेच न्हाणीघरात जाणे आणि आतून कडी लावणे यासारखा घात दुसरा नाही. बसणे शक्य नसेल तर पायांची अढी घालून मांड्या घट्ट आवळाव्यात, मुठी वळाव्यात. दाब काही क्षण सावरतो आणि खाली बसण्यास अवसर मिळतो.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी आणि उन्हाळ्यात मेळावे भरविणाऱ्यांनी उष्माघाताचा भेद ध्यानी ठेवावा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण मृत्युमुखी पडले, हे सर्वांना आठवत असेल. मूर्च्छेत अंग गार व घामेजलेले असते. उष्माघातात अंग तापलेले असते, ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि निजविल्यानंतरही माणूस बरळतो किंवा जागा होत नाही. तेथे मेंदूच भाजून निघत असतो. पाय उंच करीत बसण्यापेक्षा अंगावर पाणी ओतून, वारा घालून, रुग्णवाहिका येईपर्यंत शरीर थंड करणे हेच जीव वाचविते.

मेंदूवर परिणाम काय होतो, ही शंका प्रत्येकाला असते. काही सेकंदांची साधी मूर्च्छा मेंदूची कोणतीही कायमची हानी करीत नाही. बुद्धी मंद होत नाही, स्मरण जात नाही. दिवसभर थोडी ग्लानी राहील, इतकेच. हृदय पूर्ण थांबून चार-पाच मिनिटे गेली तर मात्र पेशी मरू लागतात. उभे राहताच दाब घसरण्याची सवय वृद्धांत वर्षानुवर्षे राहिली तर पुढे स्मृतिभ्रंशाशी तिचा संबंध दिसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कारण कोणते आणि कार्य कोणते, याविषयी तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. तथापि मूर्च्छेमुळे मेंदूला जी प्रत्यक्ष इजा होते ती बहुतेक वेळा पडल्यामुळे होते. न्हाणीघरातील फरशी, ओट्याची कड, मंदिराची पायरी. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत डोक्याला लागलेला मुका मार त्या दिवशी काही दाखवीत नाही. कवटीच्या आत रक्त थेंबाथेंबाने साचत राहते. तीन-चार आठवड्यांनी आजोबा जेवताना घास विसरतात, डोके धरून बसतात, चालताना एका बाजूला झुकतात, आणि घरचे म्हणतात की वय झाले. ही गाठ वेळीच सापडली तर लहानशा शस्त्रक्रियेने निचरा होतो आणि माणूस पूर्ववत होतो. त्यासाठी डॉक्टरांना महिन्यापूर्वीची ती पडल्याची गोष्ट कोणीतरी सांगावी लागते. ती आजोबांना आठवत नाही. ज्याने त्यांना उचलले त्या नातवाला किंवा सुनेला ती आठवते, तारखेसह.